ओल्या पडद्याची मागची बाजू

उन्हं कलली की उल्हास नदीच्या काठावरून बायकांची एक रांग निघायची... प्रत्येकीच्या कमरेवर कळशी, पाणी हिंदकळू नये म्हणून तोंडाशी एखादं पळसाचं पान ठेवलेलं, आणि मागे पदराला धरून चालणारी आम्ही पोरं. ही रांग घराकडे जात नसे. कापणी झालेल्या भातखाचरांतून, पायांना टोचणारी धसकटं चुकवत चुकवत, ती कर्जत स्टेशनाच्या अलीकडच्या मोकळ्या रानात उभारलेल्या एका मळकट तंबूशी जाऊन थांबायची. वाळलेल्या पेंढ्याचा गोडसर वास, गॅसबत्तीचा उग्र वास आणि ओल्या मांजरपाटाचा एक थंड, कोंदट वास – हे तीन वास एकत्र आले की आजही माझ्या छातीत काहीतरी लगबग सुरू होते. आता खेळ सुरू होणार, असं वाटतं.

सिनेमा तेव्हा मुका होता. वर्षातून एकदा, भात घरात आलं की, बैलगाडीतून तो आमच्याकडे यायचा. तंबूच्या मधोमध मांजरपाटाचा मोठा पडदा ताणलेला असायचा. एका बाजूला हातानं फिरवायचं यंत्र आणि पुरुषमंडळी, दुसऱ्या बाजूला आम्ही बायकापोरी. कापड ओलं असलं की उजेड त्यातून आरपार येतो, म्हणून दर रिळाला एक माणूस शिडीवर चढून पडदा पाण्यानं भिजवायचा. या पाण्यासाठी तंबूवाल्यानं एक रीत पाडली होती. जी बाई कळशीभर पाणी आणील तिला आणि तिच्या पोराला आत फुकट सोडायचं. आमच्या भिसेगावातल्या ज्या घरांत सिनेमा म्हटल्यावर सासऱ्याच्या कपाळाला आठ्या पडत, त्या घरांतल्या बायकाही पाण्याला म्हणून बाहेर पडत आणि सिनेमा बघून परत येत. सासऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण पाण्याला जाऊ नको असं सुनेला कोण म्हणणार?

मागून बघत असल्यामुळे आम्हाला सगळं उलटं दिसायचं. आमचे राजपुत्र डाव्या हातानं तलवार चालवत. आमच्या राण्यांचा पदर उजव्या खांद्यावर असे. मधूनमधून येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या उलट्या दिसत, पण वाचता येत होतं कुणाला, म्हणून ते कुणाला खटकलं नाही. पदराचं मात्र खटकलं. त्यावर नदीवर बरीच चर्चा झाली आणि मुंबईकडच्या बायका असाच पदर घेत असणार असं ठरलं. आमच्या शेजारच्या एका हौशी वहिनीनं त्या शिमग्याला तसा पदर घेऊन बघितला. तो दर दोन पावलांना घसरायचा, तरी ती दिवसभर तो सावरत फिरली. मी स्वतः पुढची कित्येक वर्षं धरून चालले होते की राजघराण्यात जन्माला येणारी सगळी मुलं डावखुरी असतात.

माझ्या आईला ऐकू येत नसे. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी तिला मोठा ताप आला आणि तो उतरताना कान घेऊन गेला. माझा आवाज कसा आहे हे तिला कधीच कळलं नाही. घरीदारी सगळे तिला भैरी म्हणत – तोंडावर म्हणत, कारण तिला कुठं ऐकू जातंय. पण तिला ते दिसायचं. ओठ बघून बोलणं ओळखायची विद्या तिनं आपली आपणच मिळवली होती, कुणाला न सांगता. भाताच्या आवणीच्या वेळी चार खाचरांपलीकडे दोन बायका काय बोलताहेत हे तिला चिखलातून मान वर न करता कळायचं. स्टेशनावर घाट चढवण्यासाठी गाडीला मागून इंजिन जोडलं की ते तिला आमच्या आधी समजे, तळपायातून. बोलायची ती फारच थोडं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, मग तो एकदम मोठा तरी होतो नाहीतर विझून जातो, आणि लोक हसतात. म्हणून तिनं बोलणंच आवरून घेतलं होतं.

दिवस मावळला की ती तर पुरतीच बंद व्हायची. चिमणीच्या उजेडात कुणाचे ओठ दिसणार? सगळं घर गप्पा मारत असे आणि ती भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसे, अंधारात, नुसत्या बोटांनी. तंबूत मात्र उलटं होतं. तिथं काळोख झाला की समोर हातभर मोठाले चेहरे उजळत, आणि त्या चेहऱ्यांचं बोलणं तिथं कुणालाच ऐकू येत नसे. शंभर माणसांत ती तेवढा वेळ इतरांसारखी असे. पडद्यावरून ठिबकणारं पाणी अंगावर येईल इतकी पुढे ती बसायची, गुडघ्यांना मिठी घालून, माझं डोकं आपल्या दंडाला टेकवून. तिच्या दंडाला राख आणि ताकाचा वास येत असे. तिला इतकी सुखात मी दुसरीकडे कुठंच पाहिली नाही.

गोष्ट सांगायला तंबूबरोबर एक मास्तर यायचे. घाटावरचे असावेत, अंगात काळा कोट, हातात वेताची छडी. पडद्याच्या पुरुषांकडच्या बाजूला उभे राहून ते राजाचं, राणीचं, राक्षसाचं, घोड्याचंसुद्धा बोलणं स्वतःच बोलत. आवाज असा खणखणीत की यंत्राची खरखर आणि बाजाची पेटी दोन्ही त्याखाली दबून जात. आम्ही बायका त्यांना बघू शकत नव्हतो, त्यांचा आवाज तेवढा पडद्यातून पाझरत यायचा. माझ्या मते मी पुढे पाहिलेल्या-ऐकलेल्या कुठल्याही नटापेक्षा ते थोर होते. हे मत मी बदललेलं नाही आणि आता बदलायचं वयही राहिलं नाही.

मी नऊ-दहा वर्षांची असतानाची ती गोष्ट. त्या वर्षीच्या चित्रात एक राजपुत्र लढाईत घायाळ होऊन माळावर पडतो, आणि त्याची राणी त्याचं डोकं मांडीवर घेऊन आक्रोश करते. तिचा चेहरा सगळा पडदाभर. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मास्तरांचा आवाज कातर झालेला – "प्राणनाथ, मला एकटीला टाकून कुठे निघालात..." – आमच्या बाजूला सगळ्या बायका पदर तोंडाला लावून मुसमुसत होत्या. आणि त्या मुसमुसण्यात माझी आई हसली. साधंसुधं नाही; तिच्या त्या न आवरणाऱ्या आवाजात, खदाखदा, पोट धरून.

मास्तर थांबले. नेमकं त्याच वेळी रीळ संपलं, बत्ती पेटली आणि ते छडी घेऊन पडद्याला वळसा घालून आमच्याकडे आले. "इथं कोण हसलं?" त्यांनी विचारलं. चार बोटं एकदम आईकडे वळली.

"भैरी हाय ती, मास्तर," कुणीतरी म्हणालं. "तिला काय समजतंय."

आईनं ते वाचलं. एरवी ती गप्प बसली असती. त्या दिवशी हसण्याच्या भरात असेल, ती बोलली. "समजतंय की," ती म्हणाली. "ती रडती ती नवऱ्यापायी नाय. ती म्हनतीय, मुंगळा चावला गं बाई, मुंगळा. तिचा हात बघा ना कुठं गेला त्यो."

 मग हशा पिकला तो पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कारण कुणीतरी ते पलीकडे ओरडून सांगितलं. मास्तर हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. ते माझ्यासमोर वाकून समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरी, चित्रातली माणसं काही बोलत नसतात. मी बोलतो तेच त्यांचं बोलणं. तुझ्या आईला भास होतोय, तिला घरी नीट सांग."

आणि मी सांगितलं. घरी जाताना, भिसेगावच्या वाटेवर, शेजारणीच्या कंदिलाच्या उजेडात मी आईच्या पुढे जाऊन उभी राहिले. सगळे माझ्या आईला हसले होते, उद्या नदीवर पोरी मला मुंगळा म्हणून चिडवणार होत्या, आणि तो सगळा राग माझ्या तोंडात येऊन बसला होता. आवाज काढायची गरज नव्हती. मी नुसते ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द तिला नीट कळेल असा: "तू खोटं बोलतेस."

तिनं ते वाचलं. माझ्या तोंडाकडे ती थोडा वेळ बघत राहिली, जणू मी आणखी काही म्हणेन. मग तिनं रिकामी कळशी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली आणि चालू लागली.

तंबू पुढे आठवडाभर होता. आई रोज पाणी घेऊन आली, रोज माझं डोकं दंडाला टेकवून बसली, पण पुन्हा हसली नाही. ती समोर बघायची आणि मधेच तिचे ओठ आत वळायचे, हसू दाबल्यासारखे. मला ते सहन होत नसे. क्षमा मागायची असते हे मला माहीत नव्हतं; आमच्याकडे पोरं आईची क्षमा मागत नसत, आया पोरांची मागत नसत, जेवायला वाढलं की संपलं. मी वेगळंच केलं. सावरीच्या बोंडातला कापूस काढून त्याचे बोळे कानांत कोंबले आणि तंबूत तशी जाऊन बसले – आई काय बघते ते बघायला.

काहीही कळलं नाही. नुसती तोंडं उघडत होती आणि मिटत होती. पण आईच्या नजरेला माझ्या कानातला तो पांढरा कापूस पडला.  दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता तिनं मला समोर बसवलं, चुलीच्या उजेडात, आणि आवाज न करता ओठ हलवले. मला ओळखता येईना. पुन्हा हलवले. "पानी?" मी म्हटलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. "बानी? मानी?" तिला हसू आलं, चांगलं मोठं, पूर्वीसारखं. "हे तिनी एकच दिसत्यात गं यमे," ती म्हणाली. "नुसतं तोंड नाय बघायचं. डोलं बघ, गाल बघ, हात बघ. मानूस समदा बोलतो."

ते माझं सिनेमाचं शिक्षण. दोन-तीन वर्षं ते चाललं, भाकरीच्या धगीत, खळ्यावर, नदीवर. मी तिच्याइतकी पटाईत कधी झाले नाही, पण बरीच झाले. मुंगळ्याचं चित्र मात्र पुन्हा आमच्याकडे आलं नाही आणि त्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मनातून मला वाटत राहिलं की मास्तर म्हणाले तेच बरोबर असेल. आई कष्टाळू होती, प्रेमळ होती... पण राणी मुंगळा म्हणते?

मग बोलका सिनेमा आला. गावात दवंडी पिटली गेली की यंदाच्या चित्रातली माणसं स्वतः बोलतील, गातील, आणि पडद्याला पाणी लागणार नाही. दवंडी ऐकायची असते. मी तेव्हा नेरळला मावशीकडे गेले होते आणि घरात दुसऱ्या कुणाला आईला सांगायचं सुचलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परतून मी थेट तंबूकडे धावले, तर नटूनथटून मोकळ्या हातांनी आलेल्या बायकांच्या घोळक्यात माझी आई एकटी कमरेवर भरलेली कळशी घेऊन उभी होती. पळसाचं पानसुद्धा तोंडाशी होतं. बायका आत जात होत्या आणि ती प्रत्येकीच्या कमरेकडे बघत होती, कळशी कुठं आहे म्हणून.

दाराशी मास्तर होते. काळा कोट तोच, छडी नव्हती. चित्रं बोलू लागली तसं त्यांचं बोलणं थांबलं होतं आणि तंबूवाल्यानं त्यांना दाराशी बसवलं होतं. त्यांनी आईला ओळखलं. जवळ येऊन, तोंड तिच्यासमोर धरून ते हळूहळू म्हणाले, "बाई, पडदा आता ओला करत नाहीत. मागे कर्णा बसवलाय. सगळे पुढूनच बघतात."

आईच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी शब्दांत सांगू शकत नाही आणि सांगावंसंही वाटत नाही. मास्तरांनाही ते दिसलं असणार. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. "घाला," ते म्हणाले. "पडदा नाही तर मी तरी भिजतो. घसा कोरडा पडलाय." आईनं कळशी कलती केली आणि ते ओंजळीनं पाणी पीत राहिले, पुष्कळ वेळ, तहान असेल त्यापेक्षा जास्त.

पिऊन झाल्यावर आई म्हणाली, "मास्तर, तुमी लई चांगलं सांगत व्हता."

मास्तर जरा हसले. बाजूला उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून ते म्हणाले, "अगं, हिला माझा एक शब्द तरी ऐकू आला का कधी?" पण आईनं ते वाचलंच.

"शबुद नाय ऐकला," ती म्हणाली. "पन आमच्या बाजूच्या बायांची तोंडं दिसत व्हती ना. तुमी बोललं की त्यांची तोंडं बदलायची. मी कदी पडद्याकडं बघायची, कदी त्यांच्याकडं."

मास्तरांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं. पाणी पुसलं की आणखी काही, अंधार पडत होता, मला नीट दिसलं नाही. त्यांनी आम्हा दोघींना आत सोडलं.

आम्ही पहिल्यांदाच पडद्याच्या पुढच्या बाजूला बसलो. नट बोलत होते, पण खांबासारखे उभे राहून, आवाज कुठं पोचतोय इकडे लक्ष ठेवून. आणि ते बोलत होते हिंदुस्थानीत, जी आईनं कधी कानांनी ऐकलीच नव्हती. आजूबाजूला माणसांच्या नुसत्या पाठी. ती शेवटपर्यंत बसली. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाली, "आता समदी ऐकत्यात गं. बघत कोन नाय." पुन्हा ती तंबूत आली नाही. उरलेलं पाणी तिनं वाटेवरच्या एका तरण्या आंब्याच्या बुंध्याशी ओतलं आणि पान तेवढं मला दिलं.

पुढे लग्न होऊन मी कल्याणला आले आणि सिनेमाचं वेड तिथंही माझ्याबरोबर नांदायला आलं. आयुष्यभर मी सिनेमे पाहिले. मूक, बोलके, काळेपांढरे, रंगीत, आणि आता घरबसल्या टीव्हीवर. माझी मतं सगळ्या घराला पाठ आहेत. ज्या नटाचा आवाज मोठा आणि डोळे रिकामे, तो मला चालत नाही. नायिका रडताना आरशात बघून शिकलेलं रडते की नाही, हे मी हनुवटीवरून सांगू शकते. हल्लीच्या मालिकांत एक वाक्य बोललं की तीन माणसं वळून बघतात, आणि तिन्ही चेहऱ्यांवर एकच भाव. एवढ्या वेळात माझ्या आईनं सबंध सासरचं राजकारण वाचलं असतं. एखादा खरा चांगला प्रसंग आला की मी टीव्हीचा आवाज बंद करते. सुना कंटाळतात. पण आवाज गेल्यावरही जो प्रसंग उभा राहतो तो खरा, ही कसोटी मला मिळाली आहे आणि ती मी जपून वापरते. मला शाळा फार लाभली नाही. जी लाभली ती कानांनी अधू असलेल्या एका बाईच्या चुलीपुढची, आणि तिचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार?

आई जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी टीव्हीवर जुन्या मूकपटांबद्दल काही दाखवत होते. कुठल्याशा गोदामात सापडलेले, डागाळलेले तुकडे. मी नातीबरोबर शेंगा सोलत बसले होते. एका तुकड्यात माळ दिसला, वाळलेलं गवत, आणि त्यावर पडलेला घायाळ राजपुत्र. हातातली शेंग हातातच राहिली. त्याची तलवार उजव्या हातात होती. राणीचा पदर डाव्या खांद्यावर होता, जसा चार बायकांचा असतो तसा. मी जन्मभर ज्याला डावखुरा समजले तो साधा उजवा माणूस होता. चुकत होते ती मी, मागून बघत होते म्हणून.

"आवाज बंद कर गं," मी नातीला म्हटलं, आणि तिनं केला.

राणीचा चेहरा पडदाभर झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिचे ओठ मिटले, पुढे आले, उघडले. आईनं शिकवलं होतं तसं मी नुसतं तोंड पाहिलं नाही; डोळे पाहिले, गाल पाहिले, हात पाहिला. हात झटकन घोट्याकडे गेला. ओठ पुन्हा तसेच मिटले, तसेच उघडले. मुंगळा. मुंगळा चावला गं बाई.

मी हसले. माझं मलाच ते हसू ओळखीचं वाटलं, न आवरणारं, पोट धरून. नात चकित होऊन म्हणाली, "आजी, तो मरतोय ना? हसतेस काय?"  तुकडा संपला होता, पडद्यावर दुसरंच काही चाललं होतं. मी तोंड तिकडे केलं आणि आवाज न काढता, सावकाश, एकेक शब्दाला ओठ नीट उघडत-मिटत म्हटलं... आये, तू खरं बोलत होतीस.